काउन्सेलर व्हायचंय? आधी ‘गेट’ ओलांडा!

मार्कांत टॉपर, पण समोर खराखुरा माणूस आला की फेल? अमेरिकेत अशा स्टुडंटचं काय करायचं, हे सगळे प्रोफेसर मिळून ठरवतात.

समजा, ब्रेकअप झालाय. रात्र रात्र झोप नाही. हिय्या करून काउन्सेलरकडे गेलात आणि तीच तुम्हाला लेक्चर झाडायला लागली, तर? पुन्हा ती पायरी चढाल?

डिग्री मिळाली म्हणजे ऐकून घेता येतंच असं नाही. म्हणून अमेरिकेत काउन्सेलिंगच्या शिक्षकांवर एक जादा जबाबदारी असते, ‘गेटकीपिंग’ची. म्हणजे राखणदारी. ज्याच्या हातून क्लायंटला त्रास होईल, त्याला दारातच थांबवायचं.

हे पेपर तपासून थोडंच कळतं? ‘केक्रेप’ या संस्थेची मान्यता असलेल्या मास्टर्सला किमान १०० तासांचं प्रॅक्टिकम आणि ६०० तासांची इंटर्नशिप लागते. खरी परीक्षा तिथे! थिअरीच्या सरांना ब्रिलियंट वाटणारा मुलगा सुपरव्हायझरला क्लायंटचं बोलणं तोडताना दिसतो. म्हणून सगळ्यांनी एकत्र बसून निरीक्षणं ताडून बघायची. एकट्याचं मत म्हणजे कदाचित आकस. चौघांना तेच दिसलं, तर विचार करायलाच हवा.

मग लगेच नारळ? छे! अमेरिकन काउन्सेलिंग असोसिएशनची २०१४ची आचारसंहिता सांगते, आधी सुधारायला मदत करा. काढायचीच वेळ आली तर इतरांचा सल्ला घ्या, निर्णयाची नोंद ठेवा आणि स्टुडंटला दाद मागू द्या.

नुसती कमिटी बसवून मात्र भागत नाही. २००९ मध्ये ईस्टर्न मिशिगन युनिव्हर्सिटीतल्या एका विद्यार्थिनीनं, धार्मिक श्रद्धेमुळे, एका गे क्लायंटला दुसऱ्या काउन्सेलरकडे पाठवा असं सांगितलं. कमिटीनं तिला काढलं. ती कोर्टात गेली. २०१२ मध्ये अपील कोर्टानं, अशी बंदी लेखी नियमांत दिसत नाही, म्हणत केस ज्युरीपुढे जाऊ दिली. शेवटी ७५ हजार डॉलर्सवर तडजोड झाली. निव्वळ स्वतःच्या मूल्यांपायी क्लायंट दुसरीकडे पाठवायचा नाही, हे २०१४च्या आचारसंहितेत स्पष्ट लिहिलं गेलं.

थोडक्यात काय, तर क्लायंटचं मन आणि स्टुडंटचं करिअर, दोन्ही पणाला लागलेलं असतं. म्हणून नियम आधी सांगायचे, सगळ्यांना सारखे लावायचे आणि निर्णय एकट्यानं घ्यायचा नाही.

आणि हो, काउन्सेलर निवडताना भिंतीवरची डिग्री बघाच. पण ‘सुपरव्हिजनखाली किती तास काम केलंत?’ हेही विचारा. त्यात लाजायचं काय?