पिवळी ज्योत आणि खारा वारा

गणपतीच्या आदल्या दिवशी चाकरमानी मिठबावातल्या बंद घराचं कुलूप काढतो, खिडक्या उघडतो, चहाचं आधण ठेवायला शेगडी पेटवतो, तर टोपाखाली निळ्याऐवजी पिवळी ज्योत. "गॅस पिवळो पेटता," असं म्हणत घरातलं कुणी रेग्युलेटर हलवून बघतं, कुणी सिलिंडर देणाऱ्याला बोल लावतं. दोष बहुतेक वेळा दोघांचाही नसतो.

शेगडीचं पोट अगदी साधं असतं. कॉकमागच्या जेटच्या मिलिमीटरहूनही बारीक भोकातून गॅस जोरात सुटतो, जाता जाता आजूबाजूची हवा सोबत ओढतो, आणि दोघं मिळून नळीतून बर्नरपर्यंत जातात. रॉबर्ट बुन्सेनने १८५५मध्ये हायडलबर्गला प्रयोगशाळेसाठी जो दिवा करून घेतला, तोही याच तत्त्वावर चालतो. प्रोपेनच्या एका भागाला पुरतं जळायला सुमारे २४ भाग हवा लागते, ब्यूटेनला ३१. आपल्या सिलिंडरात या दोघांचं मिश्रण असतं. लागणारी सगळी हवा काही नळीत मिसळत नाही, उरलेली ज्योत बाहेरून घेते. पण नळीतली हवा फारच कमी पडली, तर कार्बनचे कण जळायच्या आधी तापून पिवळे चमकतात. टोपाच्या बुडाला लागते ती काजळी याच कणांची.

चार महिने घर बंद असलं की त्या नळीला नवे भाडेकरू मिळतात. कोळी आत जाळं विणतो. कुंभारीण माशीला तर मातीचं घर बांधायला भिंतीचा कोपरा शोधायलाही नको. अशा वेळी सिलिंडर बंद करून, बर्नर काढून, शेगडी उलटी करून नळीत बाटली धुवायचा ब्रश फिरवला की निम्मी दुखणी जातात. बर्नरची भोकं टाचणीने मोकळी केली तरी चालतं. जेटमध्ये मात्र टाचणी खुपसू नये. पितळ मऊ असतं. भोकाचा व्यास दहा टक्क्यांनी वाढला तर क्षेत्रफळ एकवीस टक्क्यांनी वाढतं, म्हणजे गॅस तेवढा जास्त, पण हवा त्या प्रमाणात वाढत नाही. दुरुस्ती करायला गेलो आणि काजळी कायमची घरात आणली, असा प्रकार. जेट तुंबलं असेल तर ते मेकॅनिककडून बदलून घेणं स्वस्त पडतं.

पण मिठबावात दुसरीही एक पिवळी ज्योत भेटते, आणि मला ती जास्त आवडते. ज्योत मुळात निळीच असते, मधूनच तिच्यात नारिंगी ठिणग्या आणि पट्टे उमटतात. टोपाचं बूड पाहावं. ते स्वच्छ असेल तर हवा पुरेशी आहे, हा रंग मिठाचा. समुद्रावरून येणारा वारा खाऱ्या तुषारांचे सूक्ष्म कण घरात आणतो, आणि सोडियम तापला की पिवळाच प्रकाश देतो. पेज उतू गेली तरी हेच होतं. पितळी बर्नर आमसुलाने घासून नीट धुतला नाही तरीही हेच, कारण आमसुलात मीठ असतं. बुन्सेन आणि त्याचा सहकारी किर्खहोफ यांनी खोलीच्या लांबच्या कोपऱ्यात फक्त तीन मिलिग्रॅम सोडियम क्लोरेट दुधातल्या साखरेसोबत उडवलं, तर काही मिनिटांत दिव्याची ज्योत पिवळी पडली. समुद्राच्या तुषारांमुळे हवेत सगळीकडे मीठ असतं, हेही त्यांनी हा प्रयोग सांगणाऱ्या १८६०च्या निबंधात नोंदवलं आहे.

इथे थोडं वाट सोडून विजयदुर्गाकडे जायला हवं, मिठबावासारखा तोही देवगड तालुक्यातच. १८ ऑगस्ट १८६८च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या आठवणीत तिथे 'साहेबाचे ओटे' दाखवतात. सूर्याच्या वर्णपटात तेव्हा दिसलेली पिवळी रेषा आधी सोडियमचीच वाटली होती. सोडियमच्या जोडरेषा ५८९ नॅनोमीटरच्या आसपास असतात, ही ५८७.६ला निघाली. ती हेलियमची. हेलियमच्या शोधाचं श्रेय ज्याला देतात तो इंग्रज लॉकियर साहेब स्वतः विजयदुर्गावर होता असं आपल्याकडे सांगतात, पण त्याने ही रेषा ऑक्टोबरात, ग्रहण नसताना, इंग्लंडमधून पाहिली. त्या शोधाचा दुसरा मानकरी, फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जाँसेन, याने ग्रहण पाहिलं ते गुंटूरला.

मिठाने ज्योत रंगते यात अपाय नाही, धातूला मात्र आहे. अॅल्युमिनियमच्या बर्नरवर पांढरी भुकटी धरते, पितळेला कळंक चढतो, आणि लोखंडी भाग गंजून पोखरतात. बटण दाबून पेटणाऱ्या शेगडीचं तर पावसाळ्यात हमखास रडगाणं असतं: कटकट आवाज येतो, ठिणगी पडत नाही. चिनी मातीच्या कांडीवर ओलं मीठ बसलं की वीज हवेत उडी मारण्याऐवजी त्या ओल्या थरावरूनच पळ काढते. कोरड्या फडक्याने कांडी पुसली की बहुतेकदा काम होतं. नाहीतर लायटर आहेच.

काजळी धरणाऱ्या ज्योतीतून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नसतो. पावसाची झड येते म्हणून खिडक्या लावून अशा ज्योतीवर मोदक उकडू नयेत. गळतीचा वास वेगळा, तो मुद्दाम घातलेला असतो. सिलिंडरातला गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो. तेव्हा विजेचं कुठलंही बटण न दाबता सिलिंडर बंद करून दारं उघडावीत आणि बाहेर जाऊन १९०६ला फोन लावावा.

विसर्जन आटोपून मुंबईला परतताना रेग्युलेटर काढावा, सिलिंडरला टोपी लावावी, बर्नर धुऊन-सुकवून कागदात गुंडाळावेत आणि शेगडीच्या नळ्यांच्या तोंडांना जुन्या धोतराचे तुकडे बांधावेत. ते बांधलेत अशी चिठ्ठीही शेगडीवर ठेवावी. पुढच्या खेपेला कुलूप भावजय काढणार असेल, तर तिला फोन करून सांगितलेलं बरं.