पिलाच्या कल्ल्यांवर नजर ठेवा

मोबाईलच्या खेळात ॲक्सोलॉटल पाहून मुले तो घरी आणण्याचा हट्ट धरतात. हा मेक्सिकोतल्या सोचिमिल्कोचा, बेडकासारखाच उभयचर जीव. बेडकाचे पिल्लू मोठे होताना कल्ले गमावते. याचे कल्ले मात्र जन्मभर डोक्याबाहेर राहतात, दोन्ही बाजूंना तीन-तीन, पिसांसारखे. म्हणून पिलाचे दुखणे बहुधा तिथेच आधी दिसते.

कल्ल्यांची झालर दाट असावी. कल्ले पुढे वळून तसेच राहिले, शेपटीचे टोक आकडले, तर पाणी बिघडले किंवा तापले असे समजावे. झालर विरळ होत चालली तर पाण्यातला अमोनिया तपासावा. कापसासारखा पांढरा पुंजका म्हणजे बुरशी. कल्ला तुटलेलाच दिसला तर सोबतच्या पिलाने चावा घेतलेला असतो. पिले एकत्र ठेवू नयेत. तुटलेला कल्ला पुन्हा उगवतो, हे नवलच! दर आठवड्याला फोटो काढून वहीत तारखेसह नोंद करावी (कारकुनी सवय म्हणा हवे तर).

खरी अडचण उन्हाची. याला 16 ते 18 अंशांचे पाणी लागते, 24 च्या वर हाल होतात. आमच्या कुरुंद्यात उन्हाळ्यात पारा 40 ओलांडतो. गारव्याची पक्की सोय नसेल त्याने हे पिल्लू आणूच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. ज्यांनी आणले आहे त्यांनी वन्यजीव कायद्यातील 2022 च्या दुरुस्तीप्रमाणे नोंदणी करावी. आणि ब्लिचिंग पावडर टाकलेले नळाचे पाणी थेट ओतू नये, क्लोरिनने कल्ले भाजतात. ते पाणी एक दिवस उघड्या बादलीत ठेवून मगच वापरावे.