चार गाड्यांची एक गाडी

हॉट रॉड म्हणजे १९२०-४०च्या काळातल्या अमेरिकन गाडीवरून नको ते सारे उतरवून, तिच्यात मूळच्यापेक्षा कितीतरी दमदार इंजिन बसवून तयार केलेली गाडी. मडगार्ड, बंपर, पायदान आणि कधी कधी छप्परही काढून टाकतात. उरते ती पत्र्याची आटोपशीर बॉडी, उघडी चाके आणि पुष्कळदा बॉनेटशिवायच उभे असलेले इंजिन. असली गाडी कारखान्यातून बाहेर पडत नाही. ती घराच्या गॅरेजात, सुट्टीच्या दिवसांत आणि बहुधा ठरवलेल्या खर्चाबाहेर जाऊन तयार होते. तिचे भागही एका गाडीचे नसतात. बॉडी १९२९च्या फोर्डची, चासी १९३२ची, पुढचे ब्रेक १९४०चे, स्टेअरिंगची पेटी एखाद्या ट्रकची आणि इंजिन शेव्हर्लेचे, असा संसार थाटलेला असतो. वेगाविषयी बोलले फार जाते. पण वेगवेगळ्या दशकांत, परस्परांचा विचारही न करता घडवलेल्या या भागांना एकत्र नांदायला लावणे, हीच या छंदातली खरी कारागिरी आहे.

हा छंद दक्षिण कॅलिफोर्नियात रुजला, त्याला कारणे होती. फोर्डने १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटीवर मॉडेल टी गाड्या बनवल्या. त्यांच्या मागोमाग १९२८ ते १९३१ या काळात मॉडेल ए आली. त्यामुळे तिशीच्या दशकात जुन्या फोर्ड गाड्या आणि त्यांचे सुटे भाग भंगाराच्या आवारात मातीमोल भावाने मिळू लागले. कोरड्या हवेमुळे पत्रा फारसा गंजत नसे. लॉस एंजेलिसपासून काही तासांवर मोहावी वाळवंटात म्युरॉक आणि एल मिराज ही आटलेली सरोवरे होती. त्यांचा तळ मैलोन्मैल सपाट आणि टणक, तिथे गाडी बिनधास्त सोडता येई. या शर्यतींना शिस्त लावण्यासाठी १९३७मध्ये सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन स्थापन झाली. म्युरॉक पुढे लष्कराने घेतले आणि तिथे आजचा एडवर्ड्स हवाई तळ उभा राहिला. एल मिराजवर मात्र गाड्या अजूनही धावतात.

महत्त्वाची कलाटणी फोर्डनेच दिली. १९३२मध्ये कंपनीने सामान्य ग्राहकाला परवडेल अशा गाडीत व्ही-८ इंजिन दिले. ते २२१ घन इंचांचे, म्हणजे सुमारे ३.६ लिटरचे होते आणि त्याची ताकद ६५ अश्वशक्ती होती. मॉडेल टीची ताकद २० आणि मॉडेल एची ४० अश्वशक्ती होती, हे ध्यानात घेतले की तरुणांना हे इंजिन जुन्या हलक्या बॉडीत बसवायचा मोह का झाला ते कळते. एड इस्केंडेरियन या तरुणाने मॉडेल टीची बॉडी एसेक्स गाडीच्या चासीवर चढवली आणि तिच्यात फोर्डचे व्ही-८ इंजिन घातले. १९४२मध्ये एल मिराजवर ही गाडी ताशी १२० मैल म्हणजे १९० किलोमीटरच्या पुढे गेली. पुढे कॅमशाफ्ट बनवण्याच्या धंद्यात त्याने मोठे नाव कमावले. महायुद्धानंतर सैन्यात यंत्रकाम शिकलेली मुले घरी परतली आणि छंदाचा उद्योग झाला. जानेवारी १९४८मध्ये ‘हॉट रॉड’ मासिक निघाले, १९४९मध्ये युटामधल्या बॉनव्हिलच्या मिठागरावर वेगाचा सप्ताह सुरू झाला आणि १९५१मध्ये वॉली पार्क्स यांनी नॅशनल हॉट रॉड असोसिएशन काढली.

घरी गाडी बांधणारा आजही सुरुवात बॉडीपासून करतो, आणि पहिली पसंती फोर्डलाच असते. यात निष्ठेचा भाग आहेच, पण त्याहून मोठे कारण व्यावहारिक आहे. तिशीच्या सुरुवातीच्या शेव्हर्लेच्या बॉडीत पत्र्याच्या आत लाकडी सांगाडा असे. तो कुजला की बॉडी नुसती लोंबकळते आणि दुरुस्तीला मेकॅनिकऐवजी सुतार बोलवावा लागतो. फोर्डच्या बॉडीत लाकूड पुष्कळच कमी. ‘ड्यूस’ या लाडक्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या १९३२च्या फोर्डची अस्सल बॉडी आता सामान्य खिशाच्या आवाक्याबाहेर गेली आहे. म्हणून नव्याने ठोकलेल्या पोलादी बॉडी आणि फायबरग्लासच्या प्रतीही विकल्या जातात. जुनी बॉडी घेताना दाराचा तळ, मागच्या डिकीची जमीन आणि बॉडी जिथे चासीवर टेकते त्या पट्ट्या आधी तपासायच्या, कारण पाणी तिथेच साचते. वरचा पोचा ठोकून निघतो. खालचा गंज कापून नवा पत्रा जोडावा लागतो आणि त्या कामात महिने जातात.

बॉडीआधी कागद पाहणे अधिक शहाणपणाचे. अमेरिकेत मालकीचा दाखला चासीवर ठोकलेल्या क्रमांकाशी जुळावा लागतो. चासी एका गाडीची, बॉडी दुसरीची आणि दाखला तिसरीचा असेल तर नोंदणीच्या खिडकीवर गाडी अडते. अशा जोडगाड्यांसाठी राज्याराज्यांत वेगळे वर्ग आहेत. कॅलिफोर्निया त्यांना ‘विशेष बांधणीचे वाहन’ म्हणते. भारतात या छंदाला रस्त्यावर जवळजवळ जागा नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार नोंदणी प्रमाणपत्रातल्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. शिवाय व्हिंटेज वाहनांच्या २०२१च्या नियमांना पन्नास वर्षांहून जुनी आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल न झालेलीच गाडी हवी असते. जनरल मोटर्सने १९२८पासून मुंबईत शिवडीला गाड्या जुळवल्या, म्हणजे जुना माल इथेही होता. पण आपल्याकडच्या शौकिनाचा कल गाडी मूळ रूपात जपण्याकडे राहिला आणि कायद्यानेही त्याच वळणाला बळ दिले.

भाग जमले की हात लगेच वेल्डिंगकडे वळतात. अर्धवट सोडलेल्या गाड्यांची गोष्ट बहुधा इथूनच सुरू होते. आधी नुसती मांडणी करायची असते. सपाट जमिनीवर चासी स्टँडवर ठेवायची, ती पण गाडी धावताना जितकी उंच असेल तितक्याच उंचीवर. चाके वापरायच्या टायरांसहित जागच्या जागी उभी करायची. इंजिनाचा रिकामा ब्लॉक आणि गिअरबॉक्स लाकडी ठोकळ्यांवर टेकवायचा, बॉडी ठेवायची आणि आत खोक्यावर बसून पाहायचे. पाय पेडलपर्यंत नीट पोहोचतो का, स्टेअरिंगचा दांडा एक्झॉस्टच्या नळीवर आपटतो का, रेडिएटर आणि पंखा यांच्यात बोटभर तरी जागा उरते का, हे सगळे इथेच कळते. या काळात वेल्डिंगचे नुसते टाके मारायचे. टाका ग्राइंडरने सहज निघतो. पक्का जोड कापायचा म्हणजे पत्र्याचीही नासाडी.

मॉडेल एची चासी ४० अश्वशक्तीसाठी घडवलेली. तिच्या दोन्ही लांब दांड्यांचा छेद एका बाजूने उघडा असतो. त्यात व्ही-८ इंजिन बसवून जोर दिला की चासी पिळवटते, दारे नीट लागेनाशी होतात. म्हणून उघडी बाजू पोलादी पट्टीने बंद करून दांडा पेटीसारखा करतात. वेल्डिंग सलग केले तर उष्णतेने दांडा केळीसारखा वाकतो. त्यासाठी इंचा-दोन इंचांचे तुकडे आलटून पालटून घ्यायचे आणि दोन्ही कर्ण पुन्हा पुन्हा मोजायचे. १९३२ची चासी अधिक भक्कम, शिवाय देखणी. तिची बाहेरची बाजू उघडी दिसावी म्हणून कारखान्यानेच तिच्यावर उठाव दिला होता. म्हणून मॉडेल एची बॉडी १९३२च्या चासीवर, हा मेळ अजूनही सर्वांत लोकप्रिय आहे. दोन्ही गाड्यांच्या पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर अनुक्रमे १०३.५ आणि १०६ इंच. अडीच इंचांची ही तफावत कुठे जिरवायची हे ज्याने त्याने ठरवायचे.

पुढे जुन्या फोर्डचा सरळ धुरा आणि त्यावर आडवे टाकलेले पाटे असतात. गाडीचे नाक खाली आणायचे तर मधला भाग न हलवता टोके वर उचललेला धुरा लावतात. धुरा जागेवर धरणारा मूळ दुफाटा इंजिनाच्या तेलाच्या टाकीला अडतो, म्हणून तो मधोमध कापून दोन वेगळे दांडे चासीच्या कडांना जोडतात. यात एक खोच आहे. एक चाक खड्ड्यात गेले की अशा जोडणीत धुऱ्याला पीळ बसतो. घडीव आय-छेदाचा धुरा थोडा पिळू शकतो, नळीचा गोल धुरा पिळत नाही. तेव्हा दुभंगलेल्या दांड्यांबरोबर नळीचा धुरा लावला की ताण सांध्यांवर येतो आणि सांधे चिरतात. असे जोड दिसायला झकास असतात, म्हणूनच फसवतात.

स्टेअरिंगमध्ये भूमिती चुकली की गाडी जिवावर उठते. धुऱ्याचा वरचा भाग मागे झुकवून पाच ते सात अंशांचा कोन ठेवला तर सरळ रस्त्यावर गाडी आपोआप सरळ धावते. कोन कमी पडला तर ती भरकटते. पेटीपासून चाकापर्यंत जाणारा दांडा आणि धुरा वर-खाली होताना वेगवेगळ्या कमानींत फिरले तर खड्डा लागताच चाक आपोआप वळते. चालकाने स्टेअरिंग हलवलेलेही नसते. फोर्डच्या १९४८-५२च्या ट्रकची पेटी आणि लांब उभा दांडा ही जुनी पद्धत. दुसरी पद्धत म्हणजे शेव्हर्ले व्हेगाची छोटी पेटी आणि आडवा दांडा. पण पाट्यांवरची चासी डावी-उजवीकडे झुलत असते. आडवा दांडा वापरला की ती झुलही स्टेअरिंगमध्ये उतरते, म्हणून धुरा आणि चासी यांना जोडणारा आणखी एक आडवा दांडा लावणे भाग पडते.

मागे १९४८पर्यंतच्या फोर्डमध्ये प्रॉपेलर शाफ्ट बंद नळीत असे आणि ती नळीच गाडीला पुढे ढकलत असे. नवा गिअरबॉक्स लावायचा तर ही रचना सोडावी लागते. तिच्या जागी १९५७नंतरचे फोर्डचे ‘नऊ इंची’ डिफरन्शियल येते, तेही बहुधा दोन्ही बाजूंनी कापून अरुंद केलेले. इथे कोनांचा हिशेब असतो. इंजिन मागे साधारण तीन अंश कलते असेल तर डिफरन्शियलचे तोंड तितकेच वर हवे, नाहीतर शाफ्ट विशिष्ट वेगाला थरथरू लागतो. मिश्र भागांची एक गंमतही इथे भेटते. १९४०च्या पुढच्या चाकाचे पाच बोल्ट साडेपाच इंचांच्या वर्तुळावर, तर नऊ इंची डिफरन्शियलचे बहुतेक वेळा साडेचार इंचांच्या. म्हणजे पुढचे चाक मागे बसत नाही. प्रवासाला निघताना दोन स्टेपन्या घ्यायच्या की ड्रमला नवी भोके पाडायची, यावर घरात वाद होतात.

इंजिनाच्या निवडीत दोन पंथ आहेत. पहिला फोर्डच्या त्या जुन्या व्ही-८चा, म्हणजे फ्लॅटहेडचा. तो दिसायला सुबक आणि आवाजाला गोड. त्याचे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच असतात आणि तप्त एक्झॉस्ट वायू ब्लॉकमधून, पाण्याच्या कप्प्यांशेजारून बाहेर पडतो. त्यामुळे तो तापतो आणि ब्लॉकला तडे जातात. जुना ब्लॉक घेताना तड्यांची तपासणी केल्याशिवाय पैसे मोजू नयेत. दुसरा पंथ १९५५च्या शेव्हर्लेच्या छोट्या व्ही-८चा. २६५ घन इंचांचे हे इंजिन हलके, स्वस्त आणि सुरुवातीलाच १६२ अश्वशक्तीचे होते. त्याने काही वर्षांतच फ्लॅटहेडची सद्दी संपवली. फोर्डमध्ये शेव्हर्ले घातल्याबद्दल कट्टर मंडळी आजही नाक मुरडतात. त्याचा डिस्ट्रिब्युटर मागच्या टोकाला असल्याने मॉडेल एमध्ये मागची पत्र्याची भिंत आत दाबावी लागते. फोर्डच्याच १९६२नंतरच्या छोट्या व्ही-८मध्ये डिस्ट्रिब्युटर पुढे असतो, म्हणजे ही कसरत टळते.

ब्रेक मात्र हौसेवर सोडू नयेत. फोर्डने १९३९पूर्वी हायड्रॉलिक ब्रेक दिलेच नव्हते. त्याआधीच्या गाड्या दांड्या आणि तारांवर थांबत. म्हणून १९३९-४८चे ड्रम जुन्या धुऱ्यावर चढवणे ही या छंदातली फार जुनी रीत आहे. मास्टर सिलिंडर जमिनीखाली बसवला की तो चाकांच्या सिलिंडरांपेक्षा खाली येतो आणि तेल मागे वाहते. ते अडवायला ड्रमसाठी साधारण १० आणि डिस्कसाठी २ पौंड दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह लागतो. पुढच्या आणि मागच्या ब्रेकांचे कप्पे वेगळे असलेला मास्टर सिलिंडर जुन्या दिसण्याला शोभत नाही, पण एक नळी फुटली तरी दोन चाके थांबतात.

विजेचे काम वेळखाऊ पण सोपे. फोर्ड १९५५पर्यंत ६ व्होल्टवर चाले, तेही बॅटरीचे धन टोक चासीला जोडून. नव्या इंजिनासोबत सगळे १२ व्होल्टवर आणून वायरिंग नव्यानेच करणे बरे. जुने काटे ठेवायचे तर व्होल्टेज कमी करणारा भाग लागतो. पेट्रोलच्या काट्याची फसवणूक वेगळीच. फोर्डच्या टाकीतला तरंगता भाग टाकी भरली की रोध कमी करतो, जनरल मोटर्सचा वाढवतो. एकाचा काटा आणि दुसऱ्याची टाकी जोडली तर रिकामी टाकी भरलेली दिसते.

छप्पर खाली आणण्यासाठी खांबांतून काही इंच कापून पुन्हा जोडतात. मॉडेल एचे खांब जवळजवळ उभे असल्याने ते सरळ बसतात. १९३३-३४च्या बॉडीत खांब कलते असल्यामुळे छप्पर लांबवावेही लागते, आणि काचा नव्याने कापाव्या लागतात. हे काम नवख्याने शेवटी करावे किंवा करूच नये.

गाडी चालू झाली की लगेच रंगवायची नसते. ती आधी उघड्या पत्र्यानिशी शंभर-दोनशे मैल चालवतात. तेवढ्यात बोल्ट ढिले होतात, नळ्या घासतात, तेल गळते, एखादा टायर वळणावर चासीला लागतो. सगळे दुरुस्त झाल्यावर गाडी पूर्ण सुटी करतात, मगच चासी आणि बॉडीला रंग देऊन पुन्हा जोडणी होते.