टोचनासाठी जुनी गाडी : पेट्रोल की डिझेल?

नायगावातून देगलूरकडे बंद पडलेली गाडी टोचन करून न्यायची किंवा काळ्या रानातून भरलेली ट्रॉली बाहेर काढायची, तर गाडीला कमी फेऱ्यांवर जोर हवा. तो डिझेलमध्ये मिळतो. डिझेल इंजिन हवा साधारण १६ ते २२ पट दाबतं, जुनं पेट्रोल इंजिन ७ ते ९ पट. डिझेलमध्ये लिटरमागे ऊर्जाही जास्त. महिंद्राच्या जुन्या जीपची पेट्रोल इंजिनं उतरवून लोकांनी डिझेल बसवली, ती उगाच नाही.

पेट्रोलची आणखी एक अडचण आहे. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुन्या कार्ब्युरेटरचे रबरी पाइप आणि वायसर त्याने लवकर खराब होतात.

डिझेल घेताना मात्र घाई नको. सकाळी थंड इंजिन स्वतः सुरू करून बघा. चालू इंजिनवर ऑइलचं झाकण काढा; भकाभका धूर आला तर पिस्टन-रिंगा गेल्या. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा धूर असेल तर नोझल, पंप किंवा एअर फिल्टर तपासा. पंपाचं काम निघालं की खर्च मोठा.

इंजिन बदललेलं असेल तर इंजिन नंबर आणि इंधनाचा प्रकार आरसी बुकाशी जुळवून घ्या. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२नुसार अशा बदलाची नोंद आरटीओकडे लागते. ती नसेल, तर गाडी कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका.