प्रोलॉगची परिभाषासूत्रे

भाषेच्या अध्यापकाने संगणकाविषयी लिहावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु प्रोलॉग या संगणकभाषेचा जन्मच भाषाविचारातून झाला. फ्रान्समधील मार्सेय येथे १९७२ साली आलँ कोलमेरोअर व फिलिप रूसेल यांनी ती सिद्ध केली. यंत्राशी फ्रेंचमध्ये संवाद साधता यावा, हा त्यामागील हेतू होता.

या भाषेत कृतीचा क्रम न सांगता विधाने व नियम सांगावयाचे असतात. जिजाबाई शिवाजीराजांच्या माता, शिवाजीराजे संभाजीराजांचे पिता, आणि पित्याची माता ती आजी, एवढे लिहून ठेवले की संभाजीराजांची आजी कोण, हे इंटरप्रिटर स्वतः शोधून काढतो.

पाणिनीच्या व्याकरणात काही सूत्रे शब्द घडवीत नाहीत. इतर सूत्रे कशी वाचावीत, एवढेच सांगतात. त्यांना परिभाषासूत्रे म्हणतात. इंटरप्रिटर सुरू करताना आज्ञेच्या ओळीत जे पर्याय द्यावयाचे, त्यांचे कार्य मला याच जातीचे वाटते. नियम तेच राहतात. ते कोणत्या रीतीने चालवावयाचे, हे पर्याय ठरवितात.

ॲम्स्टरडॅम येथे यान विलेमाकर यांनी १९८७ साली आरंभिलेल्या एसडब्ल्यूआय-प्रोलॉगचे उदाहरण घेऊ. नुसते फाइलचे नाव दिले, तर इंटरप्रिटर ती वाचतो, स्वागतपर मजकूर दाखवितो आणि '?-' हे चिन्ह मांडून प्रश्नाची वाट पाहतो. '-क्यू' दिल्यास स्वागताचा मजकूर गळतो. '-जी' पुढे एखादे साध्य दिले, तर प्रश्नचिन्ह मांडण्यापूर्वी ते सिद्ध करण्याचा यत्न होतो. '-टी' पुढे 'हॉल्ट' लिहिले, तर प्रश्नोत्तरांसाठी न थांबता काम संपते. '--' या दोन रेघांनंतरचे शब्द इंटरप्रिटरसाठी नसून आपल्या प्रोग्रॅमसाठी असतात. '--स्टॅक-लिमिट' ने स्मृतीची मर्यादा ठरते. ६४-बिट यंत्रावर ती मुळात एक गिगाबाइट असते. ही सर्व अक्षरे टंकताना अर्थातच रोमन लिपीतील छोटी घ्यावयाची.

यांत '-जी' चे महत्त्व मला विशेष वाटते. साध्य सिद्ध झाले नाही, तर इंटरप्रिटर शून्येतर अंक परत देऊन थांबतो. शून्य म्हणजे यश, अन्य अंक म्हणजे अपयश, हा संगणकातील रूढ संकेत. रात्री कोणी समोर नसताना प्रोग्रॅम चालविला, तरी सकाळी त्याच्या अपयशाची नोंद सापडू शकते. ती नोंद नसेल, तर अपुरे काम पुरे झाल्याचा समज होईल.

मात्र त्या अपयशाचा अर्थ नीट लावावयास हवा. प्रोलॉग 'नाही' म्हणतो, तेव्हा गोष्ट असत्य आहे असे त्याने सिद्ध केलेले नसते. दिलेल्या विधानांतून ती सिद्ध होत नाही, एवढेच तो सांगतो. वरील उदाहरणात सोयराबाईंविषयी याच नात्यांतले काहीही विचारले, तरी उत्तर 'नाही' असेच येईल, कारण त्यांचे नावच आपण लिहिलेले नाही. यंत्राच्या नकारातून आपल्या नोंदींची मर्यादा कळते. तो इतिहासाचा निवाडा नव्हे. हा विवेक विद्यार्थ्यांनी या भाषेबरोबरच शिकावा.