भिंतीवरच्या चित्रांतून धावणारी मुलगी

पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या व्हिडिओ गेम घडवणाऱ्या लहानशा संस्थेविषयी लिहावे, अशी सूचना संपादकांनी केली तेव्हा, हळदीचा मोंढा आणि साखर कारखान्याचा हंगाम यांवर ज्या गावाचे वर्ष मोजले जाते त्या वसमतला बसून आपण हा विषय कोणासाठी लिहायचा, असा प्रश्न मला पडला होता. परंतु आडतीच्या पायरीवर गिऱ्हाइकाची वाट पाहणारा तरुणही आज मोबाइलच्या पडद्यावर परदेशात रचलेल्या रणांगणात लढत असतो; आणि २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने पबजी या मोबाइल खेळावर बंदी घातली, तिच्या अवघे पंधरा दिवस आधी, १८ ऑगस्टला, ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ हा आपल्याच महाराष्ट्रात घडलेला खेळ निन्टेन्डो स्विच या यंत्रावर जगभर प्रसिद्ध झाला होता, हे आमच्यापैकी फार थोड्यांच्या कानी आले. एवढे कारण मला पुरेसे वाटले.

संस्थेचा इतिहास दप्तरी नोंदीसारखा चार ओळींत आटोपण्याजोगा आहे. श्रुती घोष, अविचल सिंग आणि इयन मॉड या तिघांनी २०१७ साली पुण्यात तिची स्थापना केली. मूठभर सहकारी जमवले. ‘राजी’ हा पहिलाच खेळ हाती घेतला. स्विचनंतर १५ ऑक्टोबर २०२० रोजी तो संगणक, प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्स यांवर आला, आणि त्याच वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’ या जगन्मान्य समारंभात पदार्पणातील उत्कृष्ट खेळांच्या नामांकनात त्याचा समावेश झाला.

कथा साधी आहे. सर्कशीत कसरती करणारी राजी आणि तिचा धाकटा भाऊ गोलू यांची रक्षाबंधनाच्या दिवशीच ताटातूट होते. असुर मुलांना पळवून नेतात, आणि दुर्गेने त्रिशूळ हाती दिलेली ही पोर भावाच्या शोधात निघते. तिचा प्रवास दुर्गा आणि विष्णू आपसांत बोलत आपल्याला सांगतात. मला मात्र कथेहून अधिक गुंतवून ठेवले ते तिच्या दर्शनाच्या रीतीने. भाच्याच्या संगणकावर मी हा खेळ प्रथम पाहत होतो तेव्हा महालाच्या मागची बाजू दाखव, असे त्याला म्हणालो, तर तो म्हणाला, “मामा, यात कॅमेरा आपल्या हातात नसतो. ते दाखवतील तेवढंच दिसतं.”

त्या एका वाक्याने मला सगळ्या रचनेची किल्ली दिली. आजच्या बहुतेक मोठ्या खेळांत खेळणारा चहूकडे मान वळवून पाहू शकतो, म्हणून प्रत्येक खांबाच्या चारी बाजू, प्रत्येक छताची वरची आणि आतली अंगे कोणीतरी घडवावी लागतात, आणि त्यासाठी शेकडो कारागिरांचा पगार लागतो. ‘राजी’मध्ये दृष्टिकोन रचनाकाराने प्रत्येक जागेपुरता आधीच ठरवलेला आहे: कुठे तो उंचावरून तिरपा, कुठे इतका दूर सरलेला की राजस्थानी किल्ल्याच्या अफाट तटाखाली ती मुलगी बोटाच्या पेराएवढी दिसावी. जे दिसणार नाही ते घडवण्याची गरज नाही. आणि जे दिसणार आहे त्यावर हाताने रंग चढवायला तेवढाच अवकाश अधिक. या खेळाचे रंगकाम पहाडी लघुचित्रांच्या शैलीवरून घेतलेले आहे, आणि पहाडी चित्रकारही पाहणाऱ्याला एकाच जागी बसवून, अंगण वरून आणि गवाक्ष समोरून असे एकाच पटावर दाखवीत असे. द्रव्याची तंगी आणि चित्रपरंपरेची रीत या दोन्ही गोष्टी इथे एकाच निर्णयात येऊन मिळाल्या, असे माझे मत झाले आहे, आणि त्या निर्णयाचे मला मनापासून कौतुक वाटते.

या आखलेल्या अवकाशात राजी लढते तेही कसरतपटूच्या स्वभावानेच. असुरांचा घोळका अंगावर आला की ती जवळच्या खांबाकडे झेपावते, त्याला धरून गरकन फिरते, आणि त्या वेगाने त्रिशुळाचा फटकारा भोवतालच्या सगळ्यांवर बसतो. भिंत जवळ असेल तर तिच्यावर चार पावले चढून उलटी उडी घेते. आठवडी बाजारात दोरीवर चालणाऱ्या डोंबाऱ्याच्या पोरीच्या अंगी जे धैर्य असते, त्याला शस्त्र मिळाले तर काय होईल, याचे उत्तर तिथे दिसते. मधूनच चकत्यांचे कोडे येते: एकात एक बसलेली रंगीत वर्तुळे फिरवीत जावी, खंड एकमेकांना जुळत यावेत, आणि पुरे झालेल्या चित्रातून राजीच्या मनातली गोलूची आठवण उलगडावी. कथेचे दुवे छायाबाहुल्यांच्या रूपात सांगितले आहेत. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचा चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ ज्यांनी पाहिला असेल, त्यांना पडद्यामागच्या त्या उजेडाची ओळख पटायला वेळ लागणार नाही. संगीत मात्र लिनोस त्सेलोस या ग्रीक संगीतकाराचे आहे, आणि त्याने आपल्या वाद्यांना दिलेला मान ऐकण्यासारखा आहे.

दोषही त्याच निर्णयाच्या पोटी आले. कॅमेरा आपल्याला वळवता येत नसल्यामुळे उडीचे अंतर कधी कधी चुकते, आणि शत्रू खांबाआड गेला की अंदाजानेच वार करावा लागतो. त्याहून मोठी तक्रार शेवटाची: पाचसहा तासांत खेळ संपतो, आणि कथा ऐन भरात असताना तुटते. समीक्षकांनी हे बोलून दाखवले, ते रास्तच होते. पण या तुटलेपणाचा विचार करताना मला संस्थेचा जमाखर्च विसरता येत नाही.

२०१७ साली त्यांनी किकस्टार्टरवर लोकवर्गणीचे आवाहन केले, ते उद्दिष्टापर्यंत पोहोचले नाही, आणि तिथला नियमच असा की उद्दिष्ट गाठले नाही तर जमलेले पैसेही हाती येत नाहीत. काम चालू राहावे म्हणून संस्थापकांपैकी एका व्यक्तीने आपली सदनिका विकली. पुढे ज्या अनरियल इंजिनावर खेळ रचला जात होता त्याच्या मालक कंपनीने, एपिकने, अनुदान दिले, आणि ‘सुपर डॉट कॉम’ हा परदेशी प्रकाशक मिळाला, तेव्हा गाडा हलला. त्याच पुण्यात युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीचा २००८ पासून मोठा कारखाना आहे. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम’ या जुन्या खेळाची नवी आवृत्ती पुण्या-मुंबईच्या शाखांकडे सोपवल्याची घोषणा सप्टेंबर २०२० मध्ये झाली, आणि २०२२ साली ते काम काढून माँट्रियलला नेण्यात आले. हुन्नर इथला असला तरी हुकूम दुसरीकडून सुटतो, ही चाकरीची रीत. आणि चाकरी सोडून स्वतःची कथा सांगायची तर घर विकावे लागते.

आमच्याकडे शेतकरी हळद वखारीत ठेवतो, पावती घेतो, आणि कृषी पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेत तिच्या किमतीच्या पाऊणपट कर्ज त्याला मिळू शकते. भाव पडला असेल तर तो थांबू शकतो. अर्ध्यावर आलेल्या खेळाला अशी पावती कोणी देत नाही. त्यात तीन वर्षांचे श्रम असतात, हजारो रंगवलेल्या भिंती असतात, तरी पतपेढीच्या मेजावर त्याचे मोल शून्य, कारण तो विकला जाईपर्यंत तो माल आहे असे बँकेच्या नजरेला दिसतच नाही. महाराष्ट्र शासनाने २०२५ साली अ‍ॅनिमेशन, दृश्यपरिणाम आणि गेमिंग यांसाठी स्वतंत्र धोरण मंजूर केले आहे. त्यात उद्याने, इमारती, सवलती यांची तजवीज कितीही असो, मला त्यातून एकच कलम हवे आहे: काम अपुरे असताना, त्याची पारख करू शकणाऱ्या माणसांच्या शिफारशीवर, दहापंधरा जणांच्या संस्थेला वर्ष-दीड वर्ष पगार देता येईल एवढी उचल.

२०२२ मध्ये ‘राजी’ची सुधारलेली आवृत्ती आली, तिच्यात पात्रे हिंदीत बोलू लागली, मराठीत ती अजून बोललेली नाहीत. २०२५ साली ‘राजी : कलियुग’ या पुढच्या भागाची घोषणा झाली आहे, म्हणजे संस्था टिकली आहे आणि तुटलेली कथा पुढे जाणार आहे. या वेळी तिच्यासाठी कोणाची सदनिका विकली जाऊ नये, एवढीच माझी चिंता आहे.