ड्रम स्विच आधी काढा

कारखाना बंद पडतो, यंत्रांचा लिलाव होतो आणि एखादी टरेट मिलिंग मशीन टेम्पोतून उतरून कुणाच्या तरी पत्र्याच्या शेडमध्ये येऊन उभी राहते. मोटरवरच्या पाटीवर लिहिलेलं असतं : २ एचपी, ४१५ व्होल्ट, ५० हर्ट्झ, १४४० आरपीएम. शेडमध्ये मात्र सिंगल फेजचं मीटर, २३० व्होल्ट. थ्री फेजचं कनेक्शन मिळेपर्यंत थांबावं, की मोटरच बदलावी? अशा वेळी हल्ली तिसरा रस्ता धरला जातो. तो म्हणजे व्हीएफडी (व्हेरिएबल फ्रिक्वेन्सी ड्राइव्ह), वर्कशॉपच्या बोलीत नुसता ‘ड्राइव्ह’.

या मशीनचं मूळ अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यातल्या ब्रिजपोर्ट गावी आहे. तिथे १९३८ साली रुडॉल्फ बॅनो यांच्या कंपनीने अशी पहिली मशीन विकली. पुढे जगभर तिच्या प्रतिकृती निघाल्या; आपल्याकडच्या टूलरूममध्ये त्या ‘एम-वन-टी-आर’ या नावाने ओळखल्या जातात. तिच्या माथ्यावर पायऱ्यांची पुली असते. वेग बदलायचा तर मशीन थांबवून पट्टा एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर न्यायचा. चार पायऱ्या आणि जोडीला बॅक गिअर, म्हणजे एकूण आठ वेग. मधला एखादा वेग हवा असेल, तर तो मिळत नाही.

याचं कारण मोटरच्या स्वभावात आहे. इंडक्शन मोटरचा वेग विजेच्या फ्रिक्वेन्सीला बांधलेला असतो. ५० हर्ट्झवर चार पोलच्या मोटरमधलं चुंबकीय क्षेत्र मिनिटाला १५०० फेरे घेतं, रोटर त्याच्या जरा मागे राहतो आणि पाटीवर १४४० हा आकडा येतो. ड्राइव्ह ही गाठच सोडवतो. आलेल्या एसी विजेचा तो आधी डीसी करतो आणि ती मोठ्या कपॅसिटरमध्ये साठवतो. २३० व्होल्टच्या लाइनवर हा डीसी सुमारे ३२५ व्होल्टचा असतो. मग सहा ट्रान्झिस्टर सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करून त्या डीसीतून नव्याने तीन फेज घडवतात, आपण सांगू त्या फ्रिक्वेन्सीच्या. साठवलेल्या डीसीला आपण एका फेजमधून आलो की तीन फेजमधून, याचा पत्ता नसतो. म्हणूनच सिंगल फेज आत जाऊन थ्री फेज बाहेर पडू शकते.

फ्रिक्वेन्सी उतरवताना ड्राइव्ह व्होल्टेजही त्याच प्रमाणात उतरवतो. तसं केलं नाही तर मोटरचा गाभा चुंबकत्वाने ओसंडतो, करंट वाढतो आणि वाइंडिंग तापतं.

व्होल्टेजचा एक प्रश्न मात्र उरतोच. सिंगल फेजवरचा साधा ड्राइव्ह २३० व्होल्टच्या वर जात नाही आणि मोटरला हवेत ४१५. इथे आपल्याकडच्या मोटर बनवणाऱ्यांची एक जुनी रीत कामी येते. साधारण २ एचपीपर्यंतच्या मोटरी ४१५ व्होल्टला स्टारमध्ये जोडलेल्या असतात, ३ एचपीपासून पुढच्या डेल्टामध्ये. स्टारमध्ये प्रत्येक कॉइलवर सुमारे २४० व्होल्टच येतात. म्हणजे २ एचपीच्या मोटरचा डबा उघडून पितळी पट्ट्या स्टारवरून डेल्टावर बसवल्या की तीच मोटर ड्राइव्हच्या व्होल्टेजवर जवळपास पूर्ण ताकदीने चालते. पट्ट्या बदलायच्या राहून गेल्या तर ताकद तिसऱ्या हिश्शावर येते. डेल्टात करंट मात्र १.७३ पट होतो. पाटीवर साडेतीन अँपिअर असले, तरी ड्राइव्हमध्ये मोटरचा करंट सहा अँपिअर भरावा लागतो. ३ एचपीची डेल्टा मोटर असेल, तर हा उपाय चालत नाही.

आता तारा. पुरवठ्याच्या टर्मिनलला एल आणि एन, मोटरच्या बाजूला यू, व्ही, डब्ल्यू. यात उलटापालट झाली आणि पुरवठा यू-व्ही-डब्ल्यूवर गेला, तर ड्राइव्ह तिथेच संपतो. पण अनुभवी वायरमन या जोडणीला फार वेळ देत नाही. त्याचा खरा वेळ जातो जुन्या तारा काढण्यात.

कारण मशीनच्या माथ्यावर ड्रम स्विच असतो : उलट, बंद, सुलट. आजवर मोटरचे तिन्ही फेज त्यातूनच जायचे. तो तसाच ठेवून ड्राइव्ह त्याच्या आधी जोडणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. मोटर फिरत असताना कुणी दांडी ओढली की स्विचमध्ये ठिणगी पडते आणि व्होल्टेजचा झटका ट्रान्झिस्टरपर्यंत पोचतो. दांडी परत लावली तर उभी मोटर एकदम पाच-सहा पट करंट मागते. ड्राइव्ह ट्रिप झाला, तर थोडक्यात निभावलं म्हणायचं. ड्राइव्ह आणि मोटर यांच्यामध्ये सलग केबल हवी, दुसरं काही नको.

ड्रम स्विच टाकून द्यायची मात्र गरज नाही. त्याच दांडीने ड्राइव्हच्या कंट्रोल टर्मिनलवरचे बारीक सिग्नल जोडता येतात : एक सुलट फिरण्याचा, एक उलट. कारागिराच्या हाताची सवय मोडत नाही. फक्त वर्षानुवर्षं मोठा करंट वाहून काळे पडलेले कॉन्टॅक्ट २४ व्होल्टच्या क्षीण सिग्नलला दाद देत नाहीत. ते घासावे लागतात किंवा नवा सिलेक्टर स्विच बसवावा लागतो. वेगासाठी शेजारी १० किलो-ओहमचं पोटेन्शिओमीटर बसतं.

कूलंटचा पंप, टेबलाच्या फीडची मोटर, दिव्याचा ट्रान्सफॉर्मर यांना वीज ड्राइव्हच्या आधीच्या बाजूने द्यावी लागते. ट्रान्सफॉर्मर ड्राइव्हच्या नंतर जोडला, तर ती तुकड्यातुकड्यांची वीज त्याला जाळते. पंप जोडला, तर स्पिंडलबरोबर तोही मंदावतो.

ड्राइव्ह आला म्हणजे पट्ट्याची कटकट संपली, असं पुष्कळांना वाटतं आणि इथेच निराशा होते. पोलादावर १० मिलिमीटरचा हायस्पीड स्टीलचा कटर मिनिटाला सुमारे ८०० फेऱ्यांनी चालवतात, ५० मिलिमीटरचा १६० च्या आसपास. पट्टा स्पिंडलला १४४० फेरे देणाऱ्या पायरीवरच ठेवून फ्रिक्वेन्सी पाच-साडेपाच हर्ट्झवर आणली की स्पिंडल १६० ने फिरतो खरा. पण मोटरचा पीळ फार तर तेवढाच राहतो आणि वेग नवव्या हिश्शावर येतो. २ एचपीमधली पाव एचपीही हाती लागत नाही, मोठा कटर जॉबमध्ये रुतून थांबतो. शिवाय मोटरचा पंखा तिच्याच शाफ्टवर बसलेला, तोही रेंगाळतो आणि मोटर तापते. बॅक गिअर टाकला की वेग घटतो तसा पीळ वाढतो. म्हणून शहाणा कारागीर गिअर आणि पट्ट्याने जवळचा वेग पकडतो आणि ड्राइव्हने तो साधारण २५ ते ६० हर्ट्झमध्ये खालीवर करतो. कटर थरथरायला लागला की चालू मशीनवर बटण किंचित फिरवून थरथर घालवणं, हे सुख पट्ट्याने कधी दिलं नव्हतं.

स्पिंडल झटकन थांबवायचा मोहही आवरावा लागतो. फिरतं वजन थांबताना मोटर जनरेटर बनते आणि वीज ड्राइव्हकडे परत ढकलते. थांबण्याची वेळ फार कमी ठेवली, तर ड्राइव्ह जादा व्होल्टेजचा इशारा देऊन बंद पडतो. लवकर थांबवायचंच असेल, तर ब्रेकिंग रेझिस्टर लागतो.

ड्राइव्हला बंद लोखंडी पेटी हवी, कारण बिडाचा कीस आणि कूलंटचा तुषार आत गेला की सर्किट शॉर्ट होतं. पेटीत हवा खेळायला फिल्टरचा पंखा हवा. मोटरची अर्थिंगची तार ड्राइव्हच्या अर्थ टर्मिनलवर आणून तिथून मुख्य अर्थला न्यावी. मेन बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये जीव घेण्याइतका भार शिल्लक असतो. बहुतेक पुस्तिका पाच ते दहा मिनिटं थांबायला सांगतात. थांबल्यावरही मल्टिमीटर लावून डीसी उतरल्याची खात्री केल्याशिवाय आत हात घालू नये.

पहिली चाचणी पट्टा उतरवून, ५ हर्ट्झवर करतात. मोटर उलटी फिरली, तर मेन बंद करून यू आणि व्हीच्या तारांची अदलाबदल करायची. मग एक परीक्षा उरते आणि लोडशेडिंग माहीत असलेल्या माणसाला तिचं मोल सांगावं लागत नाही. दांडी ‘सुलट’वर असताना वीज गेली, कारागीर कटर बदलायला वाकला आणि वीज परत आली, तर? कित्येक ड्राइव्ह अशा वेळी विचारल्याशिवाय मोटर चालू करतात. हे टाळणारं सेटिंग बहुतेक ड्राइव्हमध्ये असतं : वीज आल्यावर दांडी एकदा ‘बंद’वर नेल्याखेरीज स्पिंडल हलत नाही. किंवा दांडीऐवजी चालू आणि बंदची वेगळी पुश बटणं लावतात. म्हणून कटर न लावता मशीन चालू करावं, मेन पाडावा, दांडीला हात न लावता मेन पुन्हा उचलावा आणि दूर उभं राहून स्पिंडलकडे बघावं. तो जागचा हलला, तर कटर लावायची वेळ अजून आलेली नाही. पॅनेल परत उघडावं लागेल, दहा मिनिटं थांबून.